एक जूनचा मांडव

“म्हणजे मटकाच की,” नागनाथ गुरुजी म्हणाले.

मी त्यांना नुकतंच सांगितलं होतं की मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, आणि त्यातही संभाव्यता, म्हणजे एखादी गोष्ट घडण्याची शक्यता किती ते मोजायचं शास्त्र. भर मांडवात, जेवणं उरकल्यावर, चाळीसेक पाहुण्यांदेखत त्यांनी माझ्या एम.एस्सी.ची तीन शब्दांत वासलात लावली. पाहुणे हसले. मीही हसले. न हसून करते काय? या माणसाच्या मुलाशी मला लग्न करायचं होतं आणि या माणसाने मला महिन्याभरापूर्वीच नापास करून टाकलं होतं.

नापास हा शब्द त्यांचाच. त्यांची मुलगी शैला विद्यापीठात माझी खोलीतली जोडीदारीण. तिच्याकडे जाता-येता तिचा थोरला भाऊ मन्मथ भेटत गेला. तो जनावरांचा डॉक्टर, तालुक्याच्या दवाखान्यात नोकरीला. बोलायला कमी, ऐकायला मात्र पक्का. मी बोलायला लागले की थांबत नाही, तेव्हा आमचं जमायला फारसा वेळ लागला नाही. समाज एक, दोन्ही घरं साधी, कुणाची हरकत असायचं कारण नव्हतं. पण गुरुजी दोघांच्या पत्रिका घेऊन तालुक्याच्या ज्योतिषाकडे गेले आणि तिथे घोडं अडलं. छत्तीसपैकी अकरा गुण जुळले, वर एकनाड. गुरुजींनी हयातभर गावातल्या शाळेत मास्तरकी केलेली. त्यांनी तिथल्या तिथे टक्के काढले आणि घरी येऊन मन्मथला सांगितलं, “तीस टक्के. पस्तिसाच्या खाली मी पोटच्या पोरालासुद्धा वरच्या वर्गात ढकललेलं नाही.”

मन्मथने आठवडाभर वाद घातला, मग गप्प झाला. बापाला दुखवून तो बोहल्यावर चढणार नव्हता, आणि मलाही त्या घरात मागच्या दाराने शिरायचं नव्हतं. इकडे लातूरला आमच्या घरी पुण्याचा एक इंजिनियर पुढच्याच रविवारी मला बघायला येणार होता. त्याचे सत्तावीस गुण जुळले होते. शैलाच्या बाळाचं जावळ आहे, तिथून येते आणि मग काय ते सांगते, असं मी आईला म्हटलं. आईला सगळं कळत होतं. तिने काही न विचारता माझी मोरपंखी साडी इस्त्री करून दिली.

तर अशी मी त्या मांडवात बसले होते. सकाळी मामाच्या मांडीवर, म्हणजे मन्मथच्या मांडीवर, बाळाचं जावळ झालं. बाळ रडलं, मामा घामाघूम झाला. नंतर पुरणपोळीचं जेवण. गुरुजी स्वतः माझ्या पानाशी येऊन आग्रह करून गेले. शैलाची मैत्रीण म्हणून जेवढा मान द्यायचा तेवढा त्यांनी दिला, थोडा जास्तच दिला. त्यांच्या मनात माझ्याबद्दल काही वाईट नव्हतं, हीच तर पंचाईत होती. भांडायला जागाच नव्हती.

मटक्याचं मात्र मला लागलं. म्हटलं, “गुरुजी, मटकेवाला कुठला आकडा येणार ते सांगतो. तसलं मी काही सांगत नाही.”

“मग काय सांगतीस?”

मी मांडवावर नजर फिरवली. पुरुषमंडळी सतरंजीवर पान लावत बसलेली, बायका ओसरीवर सुपारी कातरत होत्या. बोलून गेले, “इथे चाळीसेक माणसं आहेत. तुमच्या घरची चार सोडली तर मी एकालाही ओळखत नाही. तरी सांगते, यातल्या निदान दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असणार. असे दहा मांडव घातले तर नऊ मांडवांत असणार.”

गुरुजी सावरून बसले. मटका म्हणाले ते गमतीत, पण समोर चुकीचं गणित मांडलं गेलं की त्यांना गंमत सुचत नसे.

“वर्षाचे दिवस किती?” त्यांनी मला चौथीतल्या पोरीसारखं विचारलं.

“तीनशे पासष्ट.”

“म्हणजे तीनशे पासष्ट खोल्यांची धर्मशाळा. तिथं चाळीस माणसं उतरायला आली. एवढ्या खोल्या रिकाम्या पडल्यात, तर दोघं एकाच खोलीत कशाला तडमडतील?”

मांडवाने माना डोलावल्या. धर्मशाळा सगळ्यांनाच पटली. गुरुजींनी लगेच हिशोबही केला. कुणाही एकाची तारीख घ्या, तिच्याशी जुळणारा माणूस चाळिसांत सापडायची शक्यता जेमतेम दहातली एक. “तू बरोबर उलटं धरलंयस,” ते समजुतीच्या सुरात म्हणाले. “नऊ मांडवांत सापडणार नाही, एका मांडवात सापडेल.”

हे मला पाठ होतं. वर्गात दर वर्षी पोरं इथेच येऊन अडकत, फक्त त्यांना एवढी झकास धर्मशाळा सुचत नसे.

“एकाची तारीख घेतली तर तुमचंच खरं,” मी म्हटलं. “पण मी एकाची घेतच नाही. संक्रांतीचा तिळगूळ आठवा. दोघंच असले तर एकदाच गोड बोला म्हणायचं. तिसरा आला तर तो त्या दोघांनाही भेटणार, भेटी झाल्या तीन. चौथा आला तर त्या तिघांनाही भेटणार, भेटी सहा. माणसं एकेकानं वाढतात, भेटी भराभर वाढतात. तुम्ही एका माणसानं वाटलेला तिळगूळ मोजला. मी अख्ख्या मांडवातला मोजते.”

गुरुजींनी डोळे मिटले. ओठ हलले न हलले तोच म्हणाले, “चाळीस गुणिले एकोणचाळीस, त्याचे निम्मे. सातशे ऐंशी.”

“सातशे ऐंशी भेटी. प्रत्येक भेटीत तारीख जुळायची शक्यता तीनशे पासष्टात एक, लहानशीच. पण तशी संधी मिळते सातशे ऐंशी वेळा.”

गुरुजींनी डोळे उघडले. पुढे आयुष्यभर मी ही गोष्ट वर्गात सांगितली, पण तसे डोळे फार थोड्यांचे पाहिले. ज्याने हयातभर दुसऱ्यांना गणित समजावलं त्याला स्वतःला काहीतरी नवं समजत होतं, आणि त्याचा त्याला लहान मुलासारखा आनंद झाला होता. त्यांनी विचारलं, माणसं तेवीस असली तर? मी म्हटलं, तरीही निम्म्याहून थोडी जास्तच शक्यता. त्यांनी पुन्हा डोळे मिटले, अडीचशेच्या वर भेटी मोजल्या आणि हात मांडीवर आपटला. पत्रिका नसती तर या माणसाचं आणि माझं किती जमलं असतं, असं वाटून मला एकदम भरून आलं.

“बरं, घे परीक्षा,” ते म्हणाले. “एकेकाला विचार. चुकलीस तर?”

“तर मटका म्हणा.”

“आणि बरोबर आलीस तर?”

मांडव माझ्याकडे बघायला लागला. शैलाने बाळाला थोपटायचं थांबवलं. खांबाला टेकून उभा असलेला मन्मथ सरळ झाला. एका वाक्याचं काम होतं. पण माझा धीर झाला नाही आणि मी म्हटलं, “तर मटका म्हणायचं नाही.” शैलाने कपाळाला हात लावला.

पहिला नंबर गुरुजींच्या धाकट्या भावाचा, विश्वनाथकाकांचा. त्यांनी पान तोंडात सारून सांगितलं, एक जून. त्यांच्याशेजारी शैलाचे काशिनाथमामा बसले होते. तेही म्हणाले, एक जून.

दुसऱ्याच माणसाला काम फत्ते. माझा आनंद गगनात मावेना. मी विजयी मुद्रेने गुरुजींकडे पाहिलं, तर ते हसू दाबत होते. मांडवातही खसखस पिकली होती. तिसऱ्याला विचारलं. एक जून. चौथा मनुष्य न विचारताच म्हणाला, “मीबी जूनचाच की.” मग तिकडून एक, इकडून दोन, ओसरीवरून शैलाची चुलती, सगळे एक जून. कुणीतरी म्हणालं, लांब कशाला जायचं, गुरुजी स्वतः एक जून.

आता मला उगाच साळसूद बनायचं नाही. माझ्या वडिलांचाही वाढदिवस एक जूनच होता. पण एका माणसाचा वाढदिवस एक जून असला तर त्यात संशय कसला घ्यायचा? मी दवाखान्यात जन्मलेली, माझी तारीख मिनिटासकट ठरलेली. एवढे एक जून एका जागी मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

“थांबा,” मी म्हटलं. “हे चालणार नाही.”

“का? जिंकलीस की,” गुरुजी म्हणाले.

“नाही जिंकले. माझ्या गणितात माणसं कुठल्याही दिवशी जन्मतात, ज्याचा त्याचा योग. इथे कुणीतरी सगळ्यांना धरून एकाच खोलीत कोंबलंय. अशानं चाळीस काय, दोन माणसांतही मी जिंकेन. त्याला काही अर्थ नाही.”

गुरुजींनी हसू आवरलं. मग म्हणाले, “कोंबणारा मीच.” आणि त्यांनी सांगितलं ते असं. लेकराला शाळेत घालायला बाप यायचा, त्याला तारीख विचारली तर तो म्हणायचा, मोठा पाऊस झाला त्या साली. शाळा जूनमध्ये भरायची, पोराचं वय तर पुरं भरायला हवं. मग गुरुजी एक जून लिहून मोकळे व्हायचे. त्यांच्या गुरुजींनी त्यांचं तेच केलं होतं. “निम्मं गाव माझ्या टाकातून जन्मलंय,” ते म्हणाले, आणि त्यात थोडा अभिमानही होता. “शैलाची तारीख तीच, मन्मथची तीच. घरच्यांना वेगळा नियम लावून कसं चालेल?”

“मन्मथ कुठला जूनचा?”

हा आवाज ओसरीवरून आला. मन्मथची आई, घरात सगळे तिला माय म्हणत, सकाळपासून माझ्याशी दोन वाक्यांपलीकडे बोलली नव्हती. तिने अडकित्ता खाली ठेवला.

“मन्मथ येळवशीचा,” ती म्हणाली. “साऱ्या गावाला ठाव हाय.”

आमच्या लातूरकडे वेळा अमावास्येला येळवस म्हणतात. ऐन थंडीत येते. त्या दिवशी गाव ओस पडतं, जो तो आपापल्या शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, आत पांडव पुजायचे, भज्जी आणि आंबील घेऊन रानातच पंगत मांडायची. माय तेव्हा अवघडलेली होती. घरी थांब म्हणून सगळ्यांनी सांगितलं, पण येळवशीला घरी कोण थांबतं? सकाळी पूजेची तयारी चालली असतानाच तिला कळा सुरू झाल्या. गावात सुईण सापडेना, कारण तीही तिच्या शेतात. शेवटी शेजारच्या शेतातल्या बायका धावत आल्या आणि कोपीच्या आडोशाला मन्मथ जन्मला. काशिनाथमामांना सगळं आठवत होतं. ते म्हणाले की गुरुजी तेव्हा बैलगाडी जुंपायला पळाले आणि घाईत बैल उलट्या बाजूंनी जुंपून बसले.

मांडव पोट धरून हसला. मीही हसले, आणि हसता हसता माझी नजर गुरुजींवर गेली. गुरुजी हसत नव्हते. मन्मथही हसत नव्हता. तो खांबापासून निघून बापासमोर येऊन बसला.

“अण्णा,” त्याने विचारलं, “ज्योतिषाला तारीख कुठली दिली?”

गुरुजींनी मायकडे पाहिलं.

“तुमी मला निस्ता टायम इचारला होता,” माय म्हणाली. “कवा झाला म्हून. मी म्हनले, दिस वर आल्यावर. तारीख तुमी इचारलीच नाई.”

“तारीख मला माहीत होती,” गुरुजी म्हणाले. आवाज अगदी खाली आला होता. “म्हणजे, मला वाटलं माहीत आहे. दाखल्यावर आहे, नोकरीच्या कागदावर आहे. सगळीकडे तीच आहे.”

सगळीकडे तीच होती, कारण पहिल्यांदा ती त्यांनीच लिहिली होती. आपणच मारलेली थाप इतकी वर्षं अधिकृत कागदांवर वाचून त्यांना ती खरी वाटायला लागली होती. हाताने बैल जुंपलेला माणूस, मुलाचा पहिला टाहो कानांनी ऐकलेला माणूस, आणि ज्योतिषासमोर बसल्यावर त्याला आठवला तो दाखला. माझे अकरा गुण जुळले होते ते एका अशा मुलाशी, जो कधी जन्मलाच नव्हता.

बोलायचा हक्क माझा नव्हता, आणि खरं सांगायचं तर भीती वाटत होती. मांडवातलं हसणं विरलं. पत्रिकेची भानगड सगळ्या गावाला ठाऊक असणार, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. सगळे गुरुजींकडे बघत होते.

“चूक झाली,” ते म्हणाले. “मोठी चूक झाली. दुसरी पत्रिका करून घेऊ. त्या सालचं पंचांग मिळवतो, येळवशीची तारीख काढतो, पुन्हा गुण बघतो.” मग ते थबकले. त्यांच्या कपाळावर आठी पडली. “पण अमावास्येचा जन्म. त्यात ज्योतिषी काहीतरी काढणारच.”

दहा मांडवांचा हिशोब तोंडपाठ सांगणारी मी, पण या दुसऱ्या पत्रिकेत माझं काय होणार याचा अंदाज मला करता येईना. पुन्हा ज्योतिषी, पुन्हा छत्तीस गुण, आणि पुढच्या रविवारी पुण्याचा इंजिनियर. मन्मथने माझ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा इतका उतरला होता की माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

तेवढ्यात माय उठली. पदर खोचून ती ओसरीच्या पायऱ्या उतरली आणि मांडवात, पुरुषांच्या मधोमध येऊन उभी राहिली. ती अशी कधी येत नसावी, कारण विश्वनाथकाका आपोआप बाजूला सरकले.

“एकदा तुमी त्याला शाळंत जन्माला घातलं,” ती गुरुजींना म्हणाली. “एकदा त्या ज्योतिषाकडं जाऊन घातलं. मी त्याला एकदाच जन्म दिलाय, ते बी थंडीत, उघड्या रानात. आता तिसऱ्यांदा जन्माला घालू नका. माझं लेकरू दमलं.”

मग माय माझ्याकडे वळली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, “पोरगी खोटं जिंकायला तयार नाई, एवढं मला दिसलं. तुमाला आनखी काय दिसायचं राहिलंय ते सांगा.”

गुरुजी खाली मान घालून बसले. किती वेळ गेला कोण जाणे. मला तर तेवढ्या वेळात येळवशीच्या येळवशी येऊन गेल्यासारखं वाटलं. मायपुढे त्यांचं काही चालत नसे असं नाही, चांगलंच चालत असे. पण चुकलेलं गणित दिसत असताना ते बरोबर आहे म्हणायची त्यांना सवय नव्हती. आणि भर मांडवात, सुनेच्या वयाच्या मुलीसमोर, हरलो असं तोंडाने म्हणायचीही सवय नव्हती.

शेवटी त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे न बघता, सगळ्या मांडवाला उद्देशून बोलायला लागले. वर्गात बोलावं तसं, ठणठणीत.

“हिचं गणित तपासायचं राहिलंय,” ते म्हणाले. “एक जून धरायचा नाही हे मला मान्य. म्हणजे आता एकेकाचा खरा जन्म शोधायला लागणार. घरोघरच्या म्हाताऱ्यांपाशी बसायचं, पोळा का पंचमी ते विचारायचं, जुनी पंचांगं धुंडाळायची. चाळीस माणसांचं करायचं म्हटलं तरी वर्ष-दोन वर्षं कुठं गेली कळायचं नाही. लातुराहून एसटीनं ये-जा करून होणारं हे काम नाही. हिला इथंच राहावं लागेल.”

शैलाला ते सगळ्यांत आधी कळलं, कारण ती बाळ कडेवर घेऊन उभीच राहिली. मग मन्मथला कळलं. मी आपली मनात चाळीस माणसांचा आणि दोन वर्षांचा हिशोब घालत होते, एवढं माझं डोकं चालत होतं त्या दिवशी.

“मग तसं सरळ सांगा की,” माय म्हणाली.

“सरळच सांगितलं,” गुरुजी म्हणाले. “हिला कळलं नसेल तर हिच्या एम.एस्सी.चा काय उपयोग?”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी उठले, धडपडले, साडीच्या निऱ्या सावरल्या आणि गुरुजींसमोर खाली वाकले. पाया पडायला वाकले की रडू लपवायला, ते मला नीट सांगता यायचं नाही. डोक्यावर हात पडला तो मात्र दोघांचा होता, एक खडूने खरखरीत झालेला, आणि त्याच्यावर दुसरा, ओल्या सुपारीच्या वासाचा.